आजार ओढणारे मासे

मेलेला मासा हातात धरून इतक्या खुशीत उभी असलेली माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

रांग गोदामाच्या दारापासून सुरू होऊन जिना उतरून थेट रस्त्यावर आली होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ओंजळभर पाणी आणि त्या पाण्यात पोट वर करून एक मासा. एक सुतार आपला मासा पुढच्या बाईला अशा कौतुकाने दाखवत होता, की नातवाचा फोटो दाखवतोय असं वाटावं. तिचे दोन मेले होते, म्हणून ती जरा ताठ्यात होती. मागे एकजण हळहळत होता, की आमच्याकडे अजून एकही मरत नाही, काय चुकतंय कळत नाही. त्याला सगळ्यांनी धीर दिला. मरतील, म्हणाले. विश्वास ठेवा.

मी रांगेत नव्हतो. मी माझ्या धाकट्या बहिणीला धरून उभा होतो, कारण तिला उजव्या पायावर भार टाकता येत नव्हता. रांगेत ती होती आणि तिच्या पिशवीत चौथा मासा होता.

आत एका उंच ओट्यावर मत्स्यवैद्य बसायचा. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, आणि डॉक्टरच्या गळ्यात जिथे नळी असते तिथे याच्या गळ्यात मासे पकडायची चिमुकली हिरवी जाळी. आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपोआप झोप यावी.

"आजार म्हणजे काय?" तो विचारायचा आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचा. "आजार म्हणजे अडकलेलं पाणी. माणसात पाणी किती? बारा आणे. माशाभोवती किती? सोळा आणे. मग बारा आणे कुणाकडे धावणार? सोळा आण्यांकडे. याला शास्त्र म्हणतात. मी चमत्कार करत नाही बाबांनो, मी फक्त टाकी देतो."

खरंच, तो टाकीच द्यायचा. काचेची टाकी, तळाला खडी, एक फिल्टर, आठ मासे आणि भिंतीला चिकटवायचा एक तक्ता. टाकी आजारी माणसाच्या खोलीत ठेवायची. सहा आठवड्यांत आजार माणसातून निघून माशात आणि माशातून परलोकात. दर शनिवारी टाकीतलं पाणी एका बाटलीत भरून आणायचं. वैद्य त्यातलं थोडं काचेच्या नळीत घ्यायचा, दोन कोऱ्या शिश्यांमधून त्यात थेंब टाकायचा, नळी हलवायचा आणि पाच मिनिटं डोळे मिटून ध्यान लावायचा. डोळे उघडेपर्यंत पाणी हिरवं झालं, तर आजार अजून येतोय. पिवळं राहिलं, तर संपला. पिवळं दिसलं की गोदामात टाळ्या पडायच्या.

बहिणीचं पाणी गर्द हिरवं आलं. वैद्याने तिच्या माशाचे लालभडक कल्ले उघडून पाहिले आणि मान डोलावली. "साखर," तो म्हणाला. "बघा, केवढी ओढली आहे बिचाऱ्याने. ताई, गोळ्या बंद आहेत ना?"

बंद होत्या, दोन आठवड्यांपासून. गोळ्या आजाराला अंगात बांधून ठेवतात, म्हणून टाकी चालू असेपर्यंत गोळी नाही आणि सुई नाही, असा त्याचा नियम होता.

माझी बहीण शिंपीण आहे. पायाच्या मशीनवर तिने तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले आहेत. तिला साखरेचा आजार जडला त्याला सहा वर्षं झाली. यंदा उजव्या पायाच्या करंगळीला चपलेचा पट्टा लागला की काय झालं कुणास ठाऊक, तिथे जखम झाली आणि ती भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, की गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत, दर दोन दिवसांनी पट्टी बदलून घ्यायची, आणि काळं पसरलं तर बोट काढावं लागेल. बहिणीने यातलं एकच वाक्य ऐकलं, शेवटचं. पाय गेला तर मशीन गेलं आणि मशीन गेलं तर आपण कुणाच्या तरी दारात, एवढा हिशेब तिने घरी पोचेपर्यंत केला होता. अशा वेळी जो कोणी म्हणेल 'कापायचं नाही', तोच देव. वैद्य हे वाक्य फार गोड म्हणायचा.

तेव्हापासून कापड बेतायच्या टेबलावर टाकी आली आणि बहीण जमिनीवर बसून कापड बेतू लागली. दुखरा पाय लांब पसरून, खडूच्या रेघा मारत. तिच्या शेजारी तो कापडी पुतळा उभा असायचा, कपड्याचं माप बसवून पाहायचा. त्याला डोकं नाही, हात नाहीत, खाली एक लाकडी दांडा. बहीण त्याला बिनडोकी म्हणते. "घरात मी आणि बिनडोकी दोघीच," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "भांडण म्हणून कधी नाही."

भिंतीवरचा तक्ता मी बोट ठेवून पूर्ण वाचला. मी अक्षरं चाळिशीनंतर शिकलो, त्यामुळे भिंतीवर लिहिलेलं काही सोडून द्यायची मला सवय नाही. तक्ता असा होता: पहिल्या आठवड्यात पाणी धुरकट होईल, समजावं की आजार घराबाहेर पडू लागला. दुसऱ्या आठवड्यात मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतील. तिसऱ्या-चौथ्यात मासे जातील. पाचव्यात मरणं थांबेल. सहाव्यात पाणी काचेसारखं आणि खडीवर हिरवं शेवाळ, ही आरोग्याची खूण. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, की फिल्टरमधला स्पंज दर तीन दिवसांनी नळाच्या गरम पाण्यात पांढराशुभ्र होईपर्यंत धुवावा, वैद्य थांबायला सांगेपर्यंत.

वाचता वाचता माझ्या मनात आलं, की हे वेळापत्रक आपल्या ओळखीचं आहे.

मी बत्तीस वर्षं सांडपाण्याच्या केंद्रावर नोकरी केली. गावाची घाण नळांनी तिथे येते आणि नदीत सोडण्याजोगी होऊन बाहेर पडते. लोकांना वाटतं आम्ही त्यात औषध टाकतो. मुख्य काम औषध करत नाही, करतात डोळ्याला न दिसणारे जीव. लघवीतून जे तिखट द्रव्य तयार होतं, त्याला अमोनिया म्हणतात, ते एका जातीचे जीव खातात. त्यांच्यातून जे निघतं तेही विषारीच, ते दुसऱ्या जातीचे खातात. तिसरं जे उरतं ते निरुपद्रवी, शेवाळाचं खत. पण नवा हौद बांधला, की त्यात हे जीव नसतात. ते आपोआप जमायला महिना-दीड महिना लागतो आणि तोवर हौद नुसता वास मारतो. आमच्या केंद्रात नवा हौद सुरू झाला तेव्हा भिंतीवर असाच तक्ता लावला होता. धुरकट, मग विषारी, मग दुसरं विष, मग निवळ. सहा आठवडे. फक्त तिथे कुणाची साखर बरी होत नव्हती.

मी बहिणीला समजावलं, की टाकीतले मासे त्याच टाकीत लघवी करतात आणि ती खाणारं कुणी नाही, म्हणून ते मरतात. आजारी माणूस शेजारी असो नाहीतर कपाट असो, नवी टाकी असंच वागणार. आणि तू तो स्पंज धुतेस ना, तिथेच हे जीव वस्ती करायला बघतात, तू त्यांना तीन-तीन दिवसांनी उकळून काढतेस. म्हणून तुझे मासे त्या टाकी घेतलेल्या शेजारणीच्या माशांपेक्षा जास्त मरतात. ती आळशी आहे, ती स्पंज धुतच नाही, म्हणून तिचा आजार लवकर आटोपला.

मी पुरावा दिला, तिने मला चहा दिला. "दादा," ती म्हणाली, "जन्मभर तू गटारात काढलास, तुला सगळीकडे तेच दिसणार."

पायाची पट्टी ओली होती. मी दवाखान्यात जाऊन विचारलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि पुढच्या आठ दिवसांत उचलून आणा म्हणाल्या.

इथे मी चूक केली. तेव्हा ती मला मोठी शक्कल वाटली.

कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात आरशाखाली तीन वर्षांपासून एक टाकी आहे. बारा मासे, सगळे गलेलठ्ठ. न्हावी माझ्याच वयाचा, बोलका, हातात वस्तरा असेपर्यंत त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. मी विचारलं, की नवी आणलीस तेव्हा काय झालं होतं. तो म्हणाला, पहिला महिना पटापट गेले, रोज एक. घरात कुणी आजारी होतं का? त्याने आठवून सांगितलं, की त्या महिन्यात त्याला साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

त्याच्या फिल्टरमधला स्पंज काळाकुट्ट आणि बुळबुळीत होता. आमच्या केंद्रावर नवा हौद लवकर चालता व्हावा म्हणून जुन्या हौदातला गाळ टँकरने आणून ओतायचे, दुधाला विरजण लावावं तसा. मी न्हाव्याकडून त्या स्पंजचा अर्धा तुकडा कापून घेतला आणि बहीण गणवेश पोचवायला रिक्षाने गेली तेव्हा तो तिच्या फिल्टरमध्ये, तिच्या पांढऱ्याशुभ्र स्पंजच्या मागे दडवला. स्पंज तिने त्याच सकाळी धुतला होता, म्हणजे शनिवारपर्यंत ती फिल्टर उघडणार नव्हती. बादलीभर पाणी काढलं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं ताजं घातलं. उरलेले चार मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. अर्ध्या तासात ते खाली गेले आणि खडी चाळू लागले. मला इतका आनंद झाला, की मी एकटाच बिनडोकीसमोर हसत उभा होतो.

माझा बेत असा होता. मासे मरायचे थांबतील, तक्ता खोटा ठरेल, बहिणीचा विश्वास उडेल आणि मी तिला दवाखान्यात नेईन. हुशारी डोक्यात असते तेव्हा फार नीटनेटकी दिसते.

शनिवारी तिच्या पाण्यात वैद्याने थेंब टाकले, डोळे मिटले, उघडले, आणि पाणी पिवळं. लिंबासारखं पिवळं. वैद्य स्वतःच दचकला. सहा आठवड्यांचं काम तिसऱ्याच आठवड्यात झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. पण तो कसलेला माणूस. उठून उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, की इतकी शुद्ध श्रद्धा मी आजवर पाहिली नाही. गोदाम टाळ्यांनी हादरलं. पुढच्या शनिवारी ताई ओट्यावर माझ्या शेजारी बसतील, सगळ्यांना आपला अनुभव सांगतील, असंही त्याने जाहीर केलं.

बहिणीच्या डोळ्यांत पाणी होतं. जिना उतरताना तिने माझा हातसुद्धा धरला नाही. मी दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाली, आता कशाला, टाकी बरी झाली, बोट मागोमाग येईल. मी मासे वाचवायला गेलो आणि वैद्याला त्याचा सगळ्यात मोठा चमत्कार आयता करून दिला. त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी घाबरलो. ती चिडेल, बोलणं टाकेल, म्हणून आठवडाभर शब्द गिळत बसलो. बोट तेवढ्यात आणखी काळं झालं.

मग मी न्हाव्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने माझ्या दाढीचा साबण पुसला आणि म्हणाला, "कान उपटायला हवेत तुझे. पण आधी त्याचे उपटू."

पुढच्या शनिवारी बहीण ओट्यावर बसली होती, स्वतः शिवलेला नवा निळा पोशाख घालून. वैद्याने तिला चार पावलं चालून दाखवायला सांगितलं. ती चालली. लोकांना हसरा चेहरा दिसला, मला आवळलेले दात दिसले.

वैद्य म्हणाला, कुणाला काही शंका? मी हात वर केला आणि पाण्याची एक बाटली घेऊन पुढे गेलो. बहिणीने माझ्याकडे पाहून मान हलवली, गोंधळ घालू नकोस अशी.

"एका बाईचं पाणी आहे," मी म्हणालो. "तिला इथे आणणं जरा अवघड आहे."

"रुग्णाला आणायची गरजच नाही. पाणी सगळं बोलतं. काय त्रास आहे?"

मी खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. मी सांगितलं, की उभीच असते, बसता येत नाही. कमरेत वाकत नाही. पोटात अन्नाचा कण नाही. झोप म्हणून नाही.

"डोकं दुखतं?"

"डोक्याचा त्रास अजिबात नाही."

वैद्याने थेंब टाकले आणि ध्यान लावलं. पाच मिनिटांनी नळीतलं पाणी असं हिरवं झालं होतं, की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली. वैद्याचा आवाज घोगरा झाला. मणक्यात पाणी गोठलं आहे, म्हणाला. आठवडाभर उशीर केलात तर बाई हाताला लागणार नाही. एका टाकीने भागणार नाही, दोन लागतील.

"आणतो तिला," मी म्हणालो आणि दाराकडे पाहिलं.

न्हावी बिनडोकीला कडेवर घेऊन आत आला. बहिणीच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते. त्याने तिला ओट्यासमोर अलगद उभं केलं आणि तिच्या अंगावरचं अर्धवट टाचलेलं जाकीट नीट केलं. दोन क्षण कुणाला काही उमगलं नाही. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू रांगेरांगेने पुढे आलं.

वैद्याचं कौतुक करायला हवं, तो डगमगला नाही. "पाहिलंत?" तो म्हणाला. "या पुतळ्याच्या अंगावर किती बायांचे कपडे चढले असतील. सगळ्यांची दुखणी यात उतरली आहेत. मी म्हटलं ना, पाणी खोटं बोलत नाही."

आणि खरं सांगतो, हसू थांबलं. सुताराने मान डोलावली. माणसाला विश्वास ठेवायचाच असेल तर तो कापसाच्या पोटातही दुखणं शोधतो.

मी न्हाव्याला खूण केली. त्याने खिशातून निळ्या द्रवाची बाटली काढली. ती सगळ्यांच्या ओळखीची होती, त्याच्या दुकानात बसून ज्याने म्हणून केस कापले त्याने पाहिलेली. आरसा पुसायचं पाणी, नाकात झोंबणारं. मी सांगितलं, की हे तीन थेंब नळाच्या बाटलीभर पाण्यात टाकले, ती बाटली वैद्यांना दिली, यापलीकडे या बाईचा आजार नाही. या निळ्या पाण्यात अमोनिया असतो. वैद्यांच्या शिशीतले थेंब तेवढंच ओळखतात. मासे पाळणारे लोक पाणी तपासायला हेच थेंब वापरतात, फक्त त्यांच्या शिशीवरची चिठ्ठी कुणी खरवडलेली नसते.

वैद्य म्हणाला, खोटं आहे, आणि शिश्या उचलायला वाकला. त्या त्याच्या आणि बहिणीच्या मधे ठेवलेल्या होत्या. बहिणीचा हात आधी पडला.

"करून बघू की," ती म्हणाली. "त्यात काय."

तिने प्यायच्या भांड्यातलं पाणी नळीत घेतलं. न्हाव्याने निळा एक थेंब सोडला. सुईत दोरा ओवणारे तिचे हात, तिने पहिल्या शिशीतले थेंब मोजून टाकले, मग दुसऱ्या शिशीतले, जसं ती इतके आठवडे पाहत आली होती. नळी हलवली आणि गुडघ्यावर धरून बसली. पाच मिनिटं. वैद्याच्या ध्यानात ती कधी लांब वाटली नव्हती. आता शंभर माणसं एका नळीकडे बघत उभी होती आणि खोकायलाही कुणी तयार नव्हतं. पाणी आधी पोपटी झालं, मग हिरवं, मग गर्द.

"हे कुणाचं दुखणं?" बहिणीने विचारलं.

"आरशाचं," न्हावी म्हणाला. "रोज इतकी तोंडं बघतो बिचारा."

गोदाम फुटलं हसून. वैद्याने शेवटचा प्रयत्न केला, की तुमच्या नळाच्या पाण्यातच दोष असेल, तर पाणीपुरवठ्यातला एक नळदुरुस्तीवाला पाना घेऊन उठला आणि म्हणाला, नळाला नावं ठेवायची नाहीत.

बहीण मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"दादा, मग माझं पिवळं कसं आलं?"

एवढ्या माणसांसमोर सांगावं लागलं. मी म्हणालो, की तू बाहेर गेली होतीस तेव्हा मी न्हाव्याच्या टाकीतला काळा स्पंज तुझ्या फिल्टरमध्ये दडवला. माशांची लघवी खाणारे जीव त्यात होते. त्यांनी टाकी निवळवली. तुझी साखर जिथे होती तिथेच आहे.

तिने नळी खाली ठेवली. मग वाकली, चप्पल काढली आणि ओट्यावर बसल्या बसल्या पट्टी सोडवली. पुढच्या रांगेतल्या बाईने तोंडावर हात ठेवला.

"टाकी बरी झाली," बहीण म्हणाली. "आणि हे माझं."

त्यानंतर कुणी टाळी वाजवली नाही. मी लोकांना सगळं सोपं करून सांगितलं: मासा लघवी करतो, नवी टाकी ती पचवू शकत नाही, पचवणारे जीव यायला सहा आठवडे लागतात, तुम्ही स्पंज धुतलात की आणखी लागतात. वैद्य भविष्य सांगत नव्हता, तो फक्त दिवस मोजत होता. कुणाचे मासे जास्त मरायला हवेत आणि कुणाचे कमी, ते 'स्पंज धुवा' आणि 'आता धुऊ नका' या दोन वाक्यांनी ठरत होतं. एका आजोबांनी विचारलं, की मग माझा गुडघा बरा झाला तो? मी विचारलं, झाला का? त्यांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, तसा नाही, पण टाळ्या पडल्या होत्या.

मधल्या वेळात मत्स्यवैद्य मागच्या टाक्यांचं पाणी बघून येतो म्हणून उठला. मागे टाक्या होत्या, जिना होता, वैद्य नव्हता. लोकांनी मासे टाकले नाहीत. न्हाव्याच्या दुकानात दुसऱ्या दिवसापासून डबे घेऊन रांग लागली, प्रत्येकाला काळ्या स्पंजचा तुकडा हवा होता. तो प्रत्येकाला सांगायचा, की हा माशांसाठी आहे, उशाखाली ठेवायचा नाही. दोघांना हे दोनदा सांगावं लागलं.

बहिणीला मी त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी करंगळी काढली. पाय वाचला. दोन आठवडे आधी आल्या असत्या तर बोटही राहिलं असतं, असं त्या म्हणाल्या, रागावून नाही, कापडाचं माप सांगावं तसं.

पाचव्या दिवशी बहीण माझ्याशी बोलली. पाय उशीवर ठेवून, गोळीवर पाण्याचा घोट घेऊन झाल्यावर.

"त्याने मला फसवलं ते समजलं मला. तू का फसवलंस?"

मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी.

"तोही तेच म्हणायचा."

ती आता पुन्हा मशीनवर बसते. नऊ बोटांवर मशीन जरा हळू चालतं, पण टाका सरळ येतो. गोळ्यांची वेळ ती घड्याळ लावून पाळते, आणि कुणी साखरेवर झाडपाला, अंगारा, खडा काही सुचवलं, की आधी पाय दाखवते आणि मग विचारते, की यातल्या कशाने बोट परत येतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या त्या दोन आठवड्यांपैकी एक मत्स्यवैद्याचा होता. दुसरा माझा. म्हणून हे लिहितो आहे.

मासे मरू लागले तर पाणी तपासा. माणूस आजारी पडला तर माणूस तपासून घ्या. गोळी कुणाच्या गोड आवाजाने बंद करू नका, ज्याने दिली त्यालाच जाऊन विचारा. कुणी सांगितलेलं भविष्य तंतोतंत खरं ठरलं, तर पाया पडायच्या आधी एक प्रश्न विचारा, की हे माझ्याशिवायही असंच घडलं असतं का. आणि खरं काय ते तुम्हाला कळलं, तर शक्कल लढवत बसू नका. त्याच दिवशी, तोंडावर, सगळ्यांसमोर सांगा. समोरचा चिडेल, चार दिवस बोलणार नाही. चिडू द्या. त्याची दहाही बोटं शाबूत राहतील.